से अगेन

पुणे, २९ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल गनर्स डे, तोफखान्याचा दिवस, म्हणून फोन केला, तो नेहमीसारखाच झाला. मी बोलायचं, आईने ते तुमच्या कानाशी ओरडायचं, आणि बाबा, तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. 'केक आणला का?' विचारलं तर म्हणालात, 'हो, इथे रेंज चांगली आहे.' हसलो तिघंही. पण पुढचं बोलायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र.

लहानपणी मी 'रिपीट करा ना' म्हटलं की तुम्ही डोळे वटारायचात. तोफखान्यात 'रिपीट' म्हणजे तोच मारा पुन्हा करा. ऐकू आलं नाही तर म्हणायचं 'से अगेन'. आपल्या घरात पोळी मागतानासुद्धा 'रिपीट'ला बंदी होती. आता तुम्ही 'से अगेन'ही म्हणत नाही. नुसती मान डोलावता. मला खुपतं ते हे.

१९७८ला सेकंड लेफ्टनंट, २०१२ला ब्रिगेडियर म्हणून निवृत्त. मधल्या बदल्या आईला तोंडपाठ आहेत, मला फक्त काळ्या ट्रंका आठवतात. आणि बोफोर्स. १९८६च्या करारातल्या त्या ४१० तोफा देशभर दलालीमुळे गाजल्या. आपल्या जेवणाच्या टेबलावर मात्र बोफोर्सची निंदा कुणी करायची नाही, पाहुण्यांनीसुद्धा!

१९९९च्या उन्हाळ्यात तुम्ही द्रासकडे रेजिमेंट घेऊन होतात आणि आम्ही दोघी एसएफ क्वार्टरमध्ये, म्हणजे सीमेवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीच्या घरात. तुमचा पत्ता म्हणजे युनिटचं नाव आणि ५६ एपीओ. आई, बातम्यांत तोफ दिसली की तू टीव्हीचा आवाज बंद करायचीस आणि पडद्याला नाक लावून तोफेमागच्या माणसांचे चेहरे बघायचीस. मला वाटायचं, आवाजाची भीती वाटते तुला. कारगिलच्या त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या घरात गोळे डागले, हे मी पुष्कळ नंतर वाचलं.

तुम्ही सुट्टीवर आलात तो दुसरा की तिसरा दिवस. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसला होतात. डाळ करपली. आई धावत खाली आली, गॅस बंद केला आणि तुमच्याकडे बघत राहिली. बोलली काहीच नाही. उंच पट्टीचे आवाज आधी जातात, हे मला आता कळलंय. तुम्हाला दोघांना तेव्हाच कळलं असणार.

बाबा, कानाचं यंत्र म्हटलं की तुम्ही 'म्हातारपणाची जाहिरात' म्हणून उडवून लावता. पण सुट्टीत पेपर नॅपकिनवर रेघा ओढून तुम्हीच मला समजावलं होतं ना, की उंचावर हवा विरळ, गोळा तक्त्यापेक्षा लांब जातो. वारा, दारूचं तापमान, नळीची झीज, सगळ्याचा हिशेब धरून करेक्शन द्यायचं. करेक्शन न देता मारा करणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात तो शब्द पत्रात लिहिता येत नाही. तीस-पस्तीस वर्षं तोफेशेजारी काढलेल्या कानाला करेक्शन लागणारच. इतकंच आहे ते.

शनिवारी सकाळच्या गाडीने देवळालीला येते. ईसीएचएसचं, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड वर काढून ठेवा. तपासणीला मी बरोबर असेन, पण आत तुम्ही एकटेच जायचं, उत्तरं तुम्हीच द्यायची.

आई, गुडघ्याला तेल लावत जा. आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. चष्मा दे आणि तू गच्चीवर जा.

तुमची,
मनू