टोपणनाव घेतले म्हणजे भित्रा?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लोकहितवादींवरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण 'नाव लपवून लिहिणारा सरकारी नोकर' हे वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सकाळीच लिहायला बसले.

१८४८ मध्ये 'प्रभाकर' साप्ताहिकात शतपत्रे येऊ लागली तेव्हा 'लोकहितवादी' या टोपणनावाने ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख पंचविशीचे होते. पेशवाई जाऊन जेमतेम तीस वर्षे झालेली. वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस. अशा घरातल्या मुलाने ब्राह्मणांच्या आळसावर, अर्थ न कळता केलेल्या पाठांतरावर, विधवांच्या हालांवर लिहायचे, आणि एकदोनदा नव्हे, १०८ पत्रे! वर साहेबाची नोकरी, खाली पुण्यातले भाऊबंद. 'प्रभाकर'चे संपादक भाऊ महाजनांनी ती पत्रे छापली, यातच सगळे आले.

मी स्वतः एका तालुक्याच्या कोर्टात कारकून होते. १९८७च्या उन्हाळ्यात पक्षकारांना प्यायला पाणी नाही, बायका तान्ही मुले घेऊन पायऱ्यांवर ताटकळतात, एवढेच मी एका दैनिकाला कळवले. खाली पूर्ण नाव. पत्र छापून आले आणि तिसऱ्या दिवशी हातात कारणे दाखवा नोटीस! एक वेतनवाढ रोखली, गोपनीय अहवालात शेरा मारला. पाण्याचा माठ मात्र त्याच आठवड्यात आला. घरातली तीन माणसे माझ्या पगारावर होती. निवृत्त होईपर्यंत मी 'एक वाचक' म्हणूनच लिहिले. मी भित्री होते का, ते लेखकाने सांगावे.

लोकहितवादींनी इंग्रजी राज्याची भलावण केली, ती मलाही टोचते. त्यावर जरूर लिहा. पण वाईचे मुन्सफ (कनिष्ठ न्यायाधीश), अहमदाबाद आणि नाशिकचे न्यायाधीश, १८८० साली मुंबई कायदेकौन्सिलचे सभासद, हे सगळे दोन ओळींत उरकून टोपणनावावर अख्खा परिच्छेद?

आणखी एक. पूर्वी 'नाव प्रसिद्ध करू नये' असे लिहिले की तुम्ही ते पाळत होता. आता तशी पत्रे घेत नाही, असे फोनवर सांगितले जाते. आमच्या शेजारच्या अंगणवाडी सेविकेचे पोषण आहाराबद्दलचे पत्र त्यामुळेच राहिले. तिने लिहायचे कुठे?

माझे नाव-पत्ता सोबत जोडला आहे. छापताना तिचे पत्रही घ्यावे, तिच्या नावाशिवाय.

– एक निवृत्त कारकून