अलार्मबद्दल लिहायचं नाही असं ठरवून

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

"गॅसचा अलार्म वाजला म्हणून काल लवकर निघाले," असं तू सहज बोलून गेलीस, मी आवाज चढवला, तू फोन ठेवलास. चूक माझी. आज तो विषय काढणार नाही.

तुझं काम मला थोडंफार कळायला लागलंय. कार्बन डायऑक्साइड म्हणजे कार्बनची राखच. मी जन्मभर ती धुराड्यातून वर सोडली आणि तू तिचं मिथेनॉल, म्हणजे पुन्हा जळणारं इंधन, करतेस. राख पुन्हा पेटत नाही, म्हणून हायड्रोजन, 50 बार दाब, 250 अंश, वर तांबं-झिंक ऑक्साइडचा उत्प्रेरक. त्यात तयार होणारं पाणीच तांब्याचे कण गोळा करून उत्प्रेरकाला म्हातारा करतं, हे वाचून हसू आलं. आमच्या बॉयलरच्या नळ्यांचाही वैरी पाणीच.

कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला. नैसर्गिक वायूपासून किलोभर हायड्रोजन करताना 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि मिथेनॉल करताना तेवढा हायड्रोजन जेमतेम 7 किलो खपवतो. म्हणजे हायड्रोजन पाण्यातूनच काढायला हवा, तोही स्वच्छ विजेवर. आइसलँडमध्ये तसा कारखाना उभारला गेला, वर्षाला 4000 टनांचा. हे तुला मी सांगावं! पण हिशेब जुळला तेव्हा तुझ्या आईला उठवून दाखवला.

फक्त एक. तुझ्या त्या रिॲक्टरमध्ये थोडा कार्बन मोनॉक्साइडही होतो, विषारी. त्याला वास नसतो. आमचे तात्या भट्टीशेजारी बसले होते तेव्हा गाल लालसर दिसत होते, आम्हाला वाटलं डुलकी लागली. म्हणून म्हणतो, जोडातलं गॅस्केट एकदा उघडलं की नवंच घाल, बोल्ट समोरासमोरचे आवळ, रात्री एकटी थांबू नकोस, आणि अलार्म वाजला की आधी बाहेर, वही मागाहून. झालं माझं भाषण सुरू. माफ कर.

लहानपणी तू डबा द्यायला यायचीस नि फ्लँजवर, म्हणजे नळ्यांच्या जोडावर, साबणाचं पाणी लावायचा हट्ट करायचीस. एकदा गळतीचा फुगा आला आणि तू टाळ्या वाजवल्यास. माझ्या पोटात गोळा आला होता, तुला दिसू दिलं नाही.

तुझे,
बाबा

ता. क. अलार्म किती पीपीएमवर वाजला? आणि गळत कुठे होतं, फ्लँजला की व्हॉल्व्हच्या ग्लँडला? आईला नको, मला कळव.