ग्रेडिंगची तारीख स्लॅबवर हवी

संपादक महोदय,

व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया १८७४ सालचं नाणं येईपर्यंत १८६२ हेच साल घालून पाडला जात होता. त्यामुळे जाणकार संग्राहक समोरचं साल वाचून थांबत नाही, मागच्या बाजूचे बारीक ठिपके भिंगाखाली मोजतो. मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर ते ठिपके प्रत्यक्ष वर्षाची खूण मानले जातात. एकेका वर्षासाठी इतकं काटेकोर असणाऱ्या या छंदात, तोच रुपया ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाणं तपासून त्याचा दर्जा (ग्रेड) ठरवणाऱ्या कंपनीच्या, सीलबंद प्लास्टिकमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये आला की ते प्लास्टिक कधी बंद झालं हे सांगायला काहीच नसतं. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या नेहमीच्या लेबलावर नाण्याचं नाव, साल, ग्रेड, क्रमांक आणि बारकोड असतो. ग्रेडिंगची तारीख नसते. ती असायला हवी.

ग्रेड हे वजनासारखं माप नाही. रुपया ११.६६ ग्रॅमचा असेल तर तो कुठल्याही वर्षी, कुठल्याही काट्यावर तेवढाच भरेल. पण १ ते ७० च्या श्रेणीतला एमएस-६४ की एमएस-६५ (एमएस म्हणजे ‘मिंट स्टेट’, चलनात न वापरलेलं नाणं) हा काही तज्ज्ञांनी त्या दिवशी नाणं पाहून दिलेला अभिप्राय असतो. पीसीजीएसचं काम १९८६ मध्ये सुरू झालं, एनजीसीचं १९८७ मध्ये. इतक्या वर्षांत तपासणारी माणसं बदलली आणि काटेकोरपणाही कमी-जास्त झाला. बाजाराला हे ठाऊक आहे. पीसीजीएसच्या जुन्या हिरव्या लेबलातल्या नाण्याला जास्त भाव मिळतो, कारण तेव्हाची तपासणी कडक होती आणि आज पुन्हा दिलं तर वरची ग्रेड मिळेल असा हिशेब असतो. म्हणजे तारखेला किंमत आहेच. फक्त ती ओळखण्याची विद्या मोजक्या विक्रेत्यांकडे आहे. लेबलाचा रंग, होलोग्राम, क्रमांकाची मालिका, प्लास्टिकच्या कडेची घडण यावरून ते काळ ताडतात. नवखा ग्राहक मात्र लेबलावरचा आकडा तेवढा वाचतो.

हा अंदाजही फसतो, कारण स्लॅब बदलून मिळतो. ओरखडे पडलेला किंवा तडकलेला स्लॅब कंपनीकडे पाठवला की तीच ग्रेड ठेवून नाणं नव्या प्लास्टिकमध्ये आणि नव्या लेबलासह परत येतं. वीस वर्षांपूर्वीचा अभिप्राय मग कालचा वाटतो. म्हणून एक तारीख छापून भागणार नाही, दोन लागतील: ग्रेड कधी दिली आणि सध्याचा स्लॅब कधी बंद केला. महिना आणि वर्ष पुरे. मागच्या बाजूला बारीक आकड्यांत दोन्ही सहज मावतात.

तारखेची सर्वांत मोठी गरज धातूमुळे आहे. स्लॅब हवाबंद नसतो. तांब्याच्या नाण्यापुढे आरडी (लाल), आरबी (लाल-तपकिरी) किंवा बीएन (तपकिरी) असा रंग लिहिलेला असतो आणि भावातला मोठा फरक त्या दोन अक्षरांवर ठरतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लाल नाणं स्लॅबच्या आतही काळवंडू शकतं. २००३ मध्ये आरडी ठरलेलं नाणं आजही लाल असेल, तर त्याने वीसहून अधिक वर्षं कसोटी दिली आहे. गेल्या महिन्यात ठरलेल्या नाण्याने अजून काहीच सिद्ध केलेलं नाही. चांदीच्या आधुनिक नाण्यांवर दुधाळ डाग नंतर उमटतात. मऊ पीव्हीसी पाकिटात राहिलेल्या नाण्यावरचा अंश सुरुवातीला दिसत नाही, पुढे हिरवट चिकट थर होऊन वर येतो. सोन्यावरचे ओरखडे लपवायला लावलेली पुट्टी काही काळाने धुरकट होते. स्लॅब पंधरा वर्षांचा आहे आणि पृष्ठभाग अजून स्वच्छ आहे, एवढं कळलं तरी घेणाऱ्याची निम्मी शंका फिटते.

भारतीय संग्राहकासाठी यात आणखी एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवराई असो, १८६२ चा रुपया असो की पंचम जॉर्जचा १९११ चा, इथे असलेल्या स्लॅबची ग्रेड जुनी वाटली म्हणून तो अमेरिकेला पाठवून फेरतपासणी करून घेणं शक्य नाही. अमेरिकन ग्राहकाला दुसरं मत घेता येतं, आपल्याला लेबलावरच विसंबावं लागतं. निदान ते लेबल तरी पूर्ण असावं.

तारीख छापली तर जुन्या ग्रेडची नाणी शिळी ठरतील, असा आक्षेप घेतला जातो. हिरव्या लेबलाचा अनुभव याच्या उलट आहे. हिऱ्याच्या जीआयए (अमेरिकन रत्नपरीक्षण संस्था) अहवालावर तारीख असते, टपाल तिकिटांच्या तज्ज्ञ-प्रमाणपत्रांवर असते, म्हणून ती कागदपत्रं कोणी फेकून देत नाही. जुनं असेल तर ग्राहक नव्याने तपासून घेतो, इतकंच. आपल्याकडे सोन्याच्या हॉलमार्कमध्येही काही वर्षं सालाचं अक्षर असायचं. ते काढलं गेलं ही चूकच झाली असं वाटतं.

आधीच विकल्या गेलेल्या लाखो स्लॅबचं काय? त्यांचं लेबल बदलायची गरज नाही. प्रत्येक क्रमांकामागे कंपनीकडे काम आल्याची नोंद असणारच. क्रमांक पडताळणीच्या पानावर तेवढी एक ओळ वाढवावी. बनावट स्लॅबवर खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलून छापतात. तिथे तारखेचा मेळ बसतो का हे पाहणं ही आणखी एक चाळणी होईल.

तोवर ग्राहकाने आपली नोंद आपणच ठेवावी. विक्रेत्याकडे नाणं कंपनीला पाठवल्याची पावती असेल तर तिची प्रत मागून घ्यावी. पैसे देण्यापूर्वी क्रमांक पडताळून छायाचित्राशी नाण्याचे डाग आणि ओरखडे जुळवावेत, निव्वळ ग्रेड जुळली म्हणून समाधान मानू नये. खरेदीच्या दिवशी दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि दरवर्षी त्याच दिव्याखाली, त्याच कोनातून पुन्हा काढावेत. तांब्याचा स्लॅब ओलावा शोषून रंग बदलणारं सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते बदलावं. आणि इथे नव्याने ग्रेडिंग सुरू करणाऱ्यांनी पहिल्या लेबलापासूनच महिना-वर्ष छापावं. त्यांना जुनं काही निस्तरायचं नाही.

– एक नाणेसंग्राहक, पुणे