काकांचे खाडे मांडू नका

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर तुमच्यापुढे बोलायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितो. ताई वाचून दाखवेल.

आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. ऑर्डरी आटल्यात, काम अर्ध्यावर आलंय. आईला सांगा, नोकरी शाबूत आहे. इथे याला ‘कुर्झआर्बाइट’ म्हणतात. माणसं काढण्याऐवजी तास कमी करायचे. हातात येणारा जेवढा पगार बुडतो, त्याचे 60 टक्के सरकारी रोजगार कार्यालयातून भरून मिळतात, लेकरू असेल तर 67. म्हणजे तुमच्या नातीनं आत्ताच कमवायला सुरुवात केली म्हणा! मालक फार दयाळू आहे असं नाही. मशीनवर हात बसलेला माणूस एकदा गेला की परत मिळत नाही, हा त्याचा हिशेब. ठेकेदाराची पोरं मात्र पहिल्याच महिन्यात घरी गेली. माझ्या शेजारी रुमानियाचा एक जण होता, जाताना आपले हातमोजे मला देऊन गेला.

मला 2020 चा पाडवा आठवतो. 25 मार्च. आदल्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि गड्याच्या वर्षाच्या मजुरीचं साल ठरवायचा दिवस नेमका तोच. घरात कापूस आढ्यापर्यंत, बाजार बंद. आपले सालदार काका तोंडाला दुपट्टा बांधून अंगणातच उभे. तुम्ही म्हणालात, “मागचंच साल धर. ज्वारी आजच ने, पैशाचं कापूस गेल्यावर पाहू.” हे मी इथे किती जणांना छाती फुगवून सांगितलंय.

2017 चं मात्र कुणाला सांगत नाही. त्या साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषानं किती शेतकरी, मजूर गेले. काकांनाही आपल्याच कपाशीत चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी. तुम्ही स्वतः त्यांना यवतमाळला नेलं, रात्रभर दवाखान्यात बसलात. आणि पाडव्याला वही उघडली, तर तो सगळा खर्च त्यांच्या उचलीत, वर अकरा दिवसांचे खाडे. ती उचल फिटायला दोन सालं गेली. कपाशी आपली, पंप आपला, औषध आपलं. हातमोजे आणून द्यायचं मलाही सुचलं नव्हतं.

इथे माणूस आजारी पडला तर सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. तेवढं आपल्याला झेपायचं नाही, ठाऊक आहे. सोयाबीन पावसानं नेलं, तुरीचं काय होतं कोण जाणे. पण ताई म्हणाली, काका बैलबंडीवरून पडले, पायाला प्लास्टर आहे आणि तुम्ही दुसरा गडी पाहताय. वखराला, बैलाला माणूस लागणारच, तो रोजानं लावा. काकांचं साल पाडव्याआधी मोडू नका, खाडे मांडू नका. दवाखान्याचे पैसे ताईच्या खात्यात टाकलेत. ते वहीत चढवायचे नाहीत.

काकूकडे ज्वारीचा कट्टा गेला का? आणि बैलांना सध्या पाणी कोण दाखवतं, ते ताईला कळवायला सांगा.

तुमचा
धाकटा