जोडी देणार नाही रे, पण येताना दोन खोकी आण

फोंडा,
श्रावणातला रविवार

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज आला, "चवथीला गावी येतोय, आमच्या लेकीसाठी, चिमणीसाठी, सशांची एक जोडी ठेव, एक नर एक मादी, म्हणजे एकमेकांना सोबत होईल". वाचून बायको आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, त्याला फोनवर सांगू नका, नीट पत्र लिहा, फोनवर तो ऐकून घेत नाही. ते खरंच आहे. म्हणून हे लांबलचक टाईप करतोय. बाहेर पाऊस असा कोसळतोय की पडवीतून अंगणातली तुळस दिसत नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे.

तर ऐक. तू मागतोयस ती जोडी म्हणजे सख्खी भावंडं. आणि त्यांचे आईबापही सख्खीच भावंडं. हे कसं झालं ते सांगतो, सगळा गाढवपणा माझाच आहे.

गेल्या नाताळच्या सुट्टीत धाकट्याने हट्ट धरला म्हणून दोन पिल्लं विकत आणली, दोन महिन्यांची असतील. विकणाऱ्याने एकेकाला मानेकडून उचललं, पोटाखाली फुंकर मारली आणि म्हणाला दोन्ही माद्या, एकाच आईच्या. आम्ही खूश, दोघी बहिणी म्हणजे भांडण नाही, पिल्लांची भानगड नाही. नावं ठेवली पोळी आणि भाकरी. पोळी म्हणजे चपाती नव्हे, आपल्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, कोंड्याची पोळी, अगदी त्याच रंगाची, वर कोंडा भुरभुरल्यासारखी.

मार्चमध्ये पोळी भाकरीभोवती गोल गोल फिरायला लागली, घशातून गुं गुं आवाज काढत. मधेच वर चढायची. मी मोबाईलवर शोधलं तर माद्याही एकमेकींवर चढतात, दादागिरी दाखवायला, असं वाचलं आणि निर्धास्त झालो. म्हणजे वाचलं ते खरंच होतं, फक्त आमच्या घरात लागू नव्हतं. शेजारच्या काकांना शंका आली होती बरं का, पण ते तरी काय म्हणाले, "सशाक आनी कसलें भाव-भयण?" आणि हसत विडी ओढत गेले.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी पिंजऱ्यात बघतो तर भाकरी स्वतःच्या छातीचे केस उपटून कोपऱ्यात नेऊन टाकतेय. मला वाटलं खरूज झाली. खोबरेल घेऊन आलो लावायला, तर त्या केसांच्या गादीखाली काहीतरी वळवळतंय. पाच. गुलाबी, अंगावर केस नाही, डोळे मिटलेले, आई बघून म्हणाली उंदराची पिल्लं कुठून आली रे इथे! मीही एक क्षण तेच समजलो होतो.

आणि पोळी? पोळी बाप झाली होती. नाव काही आम्ही बदललं नाही, पण तेव्हापासून घरात वाक्यंच अशी होतात, "पोळीला ऑपरेशनला न्यायचंय, तो कुठे गेली?"

आता खरी गंमत, म्हणजे गंमत नाहीच. डॉक्टरांना मेसेज टाकला, त्यांचं लगेच उत्तर आलं की नराला आत्ताच्या आत्ता वेगळा करा. पण त्या दिवशी मामेभावाचं लग्न, सगळे मडगावला, मी मेसेज वाचला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं होतं. सशाची मादी व्याल्यावर काही तासांत परत गाभण राहू शकते, हे मला कुठे माहीत! तिला गाईसारखा माज बिज नसतो रे, नराशी संबंध आला की मग तिचं अंडं सुटतं, म्हणजे आज नाही उद्या असा हिशोबच नाही. आणि सगळा कारभार काही सेकंदांचा. एकतीस दिवस मोज, बरोब्बर मे संपता संपता दुसरी सहा पिल्लं हजर. अंगाखाली पहिली पाच जेमतेम महिन्याची झालेली आणि बिचारी भाकरी हाडं हाडं झालेली.

त्या सहातलं एक गेलं. एकाचे दात वाकडे निघाले. हे जरा नीट सांगतो कारण तुला जोडी का देत नाही ते यातच आहे. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर महिन्याला जवळजवळ सेंटीमीटरभर. वरचे खालचे एकमेकांवर घासले की आपोआप झिजतात. या पिल्लाचा खालचा जबडा किंचित पुढे आहे, दात घासलेच जात नाहीत, खालचे दोन वर वळून ओठाबाहेर आलेत सुळ्यांसारखे. गवताची काडी तोंडात धरतं, चावता येत नाही, काडी तशीच लोंबकळत राहते आणि ते आपल्याकडे बघतं. तीन आठवड्यांनी एकदा डॉक्टरांकडे नेऊन घासून आणावे लागतात. घरी नेलकटरने कापायचं नाही, दात उभा चिरतो.

डॉक्टर म्हणाले भाऊबहिणीमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण हा दोष आईबाप दोघांकडून आला तरच उमटतो. एकाकडे असला तर दडून राहतो, ससा ठणठणीत दिसतो. परक्या घरचा नर असता तर त्याच्याकडे नेमका तोच दोष असायची शक्यता कमी. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात जनुकांच्या चारपैकी एका जागी दोन्हीकडून तीच प्रत येते म्हणे. आईला हे समजावत होतो तर ती म्हणाली, "एवढं काय सांगतोस, सगोत्र लग्न का नको म्हणायचे मग जुने लोक?" मी म्हटलं आई सगोत्र काय, इथे सख्खे आहेत! आणि आता तू तुझ्याकडे याच पिल्लांतली नर-मादी नेलीस तर दुसरी पायरी. मुद्दाम ब्रीडिंग करणारे लोक नात्यात लावतात मला माहितीये, पण ते वह्या ठेवतात, आणि दोष निघालेल्या पिल्लांचं काय करतात ते चिमणीला सांगण्यासारखं नाही.

तेव्हापासून माझीही एक वही आहे. मुलगा तिला सशांचं रेशनकार्ड म्हणतो. आठ आठवड्यांपासून दर रविवारी एकेकाला मांडीवर टॉवेलमध्ये घेऊन बघायचं, शेपटी मागे, दोन बोटांनी हलकेच दाबायचं. गोल ठिपका वर आला तर नर, उभी चीर दिसली तर मादी. पहिल्या रविवारी मी सगळ्याच माद्या लिहिल्या होत्या, दुसऱ्या रविवारी त्यातल्या दोघी नर निघाल्या, म्हणून एकदा बघून भागत नाही. अंडगोळ्या खाली उतरतात दहा-बारा आठवड्यांनी, आणि ससा घाबरला की त्या परत पोटात ओढून घेतो, त्यामुळे दिसत नाहीत म्हणून मादी असं कधीच समजू नकोस. कानाच्या आत मार्करने टिंब, निळं नर, लाल मादी. टिंबं पुसतात, रविवारी परत. दहावा आठवडा लागला की निळी टिंबं पलीकडच्या पिंजऱ्यात. आई आणि बहिणी दोघींपासून वेगळे, आईलाही सोडत नाहीत ते. मधे नुसती जाळी ठेवून उपयोग नाही, दोन जाळ्यांत हातभर अंतर हवं, जाळीतूनही उद्योग होतात असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि आता मी त्यांचं सगळं ऐकतो.

पोळीचं ऑपरेशन मे महिन्यातच झालं. नरांचं तसं सोपं असतं, संध्याकाळी घरी येऊन दूर्वा खात होती. खात होता. सशाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं नसतं हेही मला तेव्हा कळलं, त्याला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी थंडावतात. कोणी पुण्यात तुला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणालं तर सरळ दुसरा डॉक्टर बघ. पण एक मेख आहे. ऑपरेशन झालं म्हणजे लगेच सोडा मादीबरोबर, तसं नाही. आत शिल्लक राहिलेलं असतं, सहा आठवडे तरी थांबावं लागतं. आमच्या मेहुण्याला हे पटतच नव्हतं, "नळ बंद केल्यावर पाणी कसं येणार?" मी म्हटलं पाईपात असतं ना. मग पटलं.

तर आता तुझं. पहिल्या वेतातले दोन नर आणि एक मादी आहेत माझ्याकडे, बाकी दोन माद्या डिचोलीला दिल्या, दोन्ही माद्याच, चारदा तपासून. दोन्ही नरांचं ऑपरेशन गेल्या रविवारी झालं. कानावर पांढरा डाग असलेला मी चिमणीसाठी ठेवलाय, अगदी गरीब आहे, आणि त्याच्या सोबतीला ती मादी, म्हणजे पिल्लं न होणारी जोडी. चवथीला त्याचे तीनच आठवडे होतात. म्हणून म्हणतो, दोघांना एका खोक्यात घालून घाटातून नेऊ नकोस. दोन खोकी, भोकं पाडलेली, आणि तिकडेही दोन पिंजरे शेजारी शेजारी, एकमेकांचा वास येईल असे पण मधे हातभर जागा. सहा आठवडे पुरे झाल्यावर आधी थोडा थोडा वेळ समोरासमोर सोड. चिमणी रडेल, तिला सांग ऑपरेशन झालंय त्याचं, विश्रांती घेतोय. मादीचंही पुढे करून घे, ते मोठं ऑपरेशन आहे, पोट उघडावं लागतं, पण न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर खूप होतो. भाकरीचं दिवाळीनंतर करायचंय, आधी अंगावर मांस चढू दे.

वाकड्या दाताचा कुठेच जाणार नाही. तो धाकट्याचा झालाय, पालेभाजी अगदी बारीक चिरून भरवतो त्याला. स्वतः मात्र तांबडी भाजी ताटात तशीच ठेवतो.

माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतो त्या मांडवीसाठी, पुण्याहून काही आणू का म्हणून विचारलं होतंस, काही नको, इथे सगळं मिळतं. वहिनींना सांग खतखतं, ती बऱ्याच भाज्यांची मिसळ, करणार आहोत पंचमीला, राहूनच जा. आणि खोकी दोन. एकच आणलंस तर एकच ससा मिळेल.

तुझाच,
पोळीचा मालक