सांगणारी आणि ऐकणारी : कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कादंबऱ्यांविषयी मैत्रिणीस पत्र

नाशिक

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ तू अर्ध्यावर मिटून ठेवलीस आणि ‘इतके दुःख माणसाने विकत घेऊन का वाचावे’ असे विचारलेस, ते मला अजिबात खटकले नाही; ती कादंबरी कोणालाही मिटून ठेवावीशी वाटेल अशीच आहे. खटकले ते दुसरेच. तुमच्या वाचन मंडळाने अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिकांच्या कादंबऱ्या ‘सोसूनही न मोडलेल्या स्त्रिया’ या मथळ्याखाली निवडल्या आहेत, असे तू लिहितेस. सोसण्याचे कौतुक करणे फार सोपे असते, आणि ज्यांच्यामुळे सोसावे लागले त्यांना ते सोयीचेही असते. या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा वाचताना मला वाटत गेले की त्यांचा खरा विषय सोसणे हा नाहीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार असे आपण म्हणतो ना, त्यातल्या बुक्क्यांपेक्षा या लेखिकांचे लक्ष दाबलेल्या तोंडाकडे अधिक आहे. ते तोंड उघडते केव्हा, कोणापुढे, आणि समोर ऐकणारे कोणीच नसेल तर काय होते, याच्याच या कथा आहेत.

ॲलिस वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ 1982 साली आली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळाले. कथा-कादंबरीसाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. कादंबरी सगळी पत्रांची आहे. जॉर्जियातली चौदा वर्षांची सीली देवाला पत्रे लिहिते, कारण जो तिच्यावर अत्याचार करतो त्यानेच तिला बजावले आहे की हे देवाखेरीज कोणाला कळता कामा नये, कळले तर आई जिवंत राहणार नाही. ती अक्षरशः आज्ञा पाळते. तिची मुले काढून घेतली जातात, चार पोरे पदरात असलेल्या एका विधुराच्या गळ्यात तिला बांधले जाते, आणि त्या नवऱ्याचे नावसुद्धा ती पत्रात लिहीत नाही, तिथे एक रेघ ओढते. उत्तर न देणाऱ्याला इतकी वर्षे लिहीत राहणे यालाच लोक चिवटपणा म्हणतात; मला मात्र त्या पत्रांत तिची कोंडी दिसते.

ती कोंडी फुटते बायकांमुळे. आधी सोफिया येते, सीलीच्या सावत्र मुलाची, हार्पोची बायको. ती कोणाचेही ऐकून घेत नाही म्हणून हार्पो सल्ला विचारतो, आणि आयुष्यभर मार खाल्लेली सीली त्याला सांगते, तिला मार. हे पान मी या कादंबरीचे मर्म मानते. पीडितेला साध्वी करून टाकण्याचा मोह लेखिकेने इथे टाळला आहे. दाबलेला माणूस दाबण्याचीच रीत शिकतो, हे तिने नायिकेच्याच तोंडून वदवले आहे. सोफिया जाब विचारायला येते, सीली कबूल करते की तुझा हेवा वाटला म्हणून मी तसे बोलले, आणि मग त्या दोघी फाटलेल्या पडद्यांची गोधडी शिवायला बसतात. हीच सोफिया पुढे महापौराच्या बायकोकडे मोलकरीण व्हायला साफ नकार देते, थोबाडीत मारणाऱ्या महापौरावर उलट हात टाकते आणि पोलिसांचा मार, तुरुंग आणि शेवटी त्याच घरची चाकरी भोगते. ‘हिंमत धरा, सगळे ठीक होईल’ असे ज्यांना या कादंबरीतून घ्यायचे असेल त्यांनी सोफियाचे प्रकरण दोनदा वाचावे.

नंतर गाणारी शुग एव्हरी येते, जिच्यावर सीलीच्या नवऱ्याचे प्रेम आहे आणि जिच्यावर सीलीही जीव लावते. बहीण नेटीने आफ्रिकेतून लिहिलेली पत्रे नवऱ्याने वर्षानुवर्षे पेटीत लपवून ठेवली होती, ती या दोघींनी शोधून काढल्यावर सीली देवाला लिहिणे थांबवते आणि बहिणीला लिहू लागते. आता पलीकडे कोणीतरी आहे. मग ती जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नवऱ्याला सुनावते, शुगबरोबर मेम्फिसला जाते आणि पॅन्ट शिवण्याचा स्वतःचा धंदा उभा करते. या कादंबरीवर टीकाही पुष्कळ झाली. कृष्णवर्णीय पुरुषांना इतके क्रूर दाखवल्याने गोऱ्यांच्या पूर्वग्रहांना खतपाणी मिळते, असे अनेकांचे म्हणणे होते. ती भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. परंतु तोच नवरा शेवटी ओसरीवर सीलीच्या शेजारी बसून सुईदोरा हाती घेतो, हे त्या टीकेत सहसा येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे: शेवटी सगळीच दारे इतक्या झपाट्याने उघडतात, घर मिळते, दुकान मिळते, बहीण परतते, मुले परततात, की लेखिकेला तिची नायिका फार आवडू लागली होती असे वाटते.

वॉकर यांची साहित्यातली जी पूर्वज, त्या झोरा नील हर्स्टन यांच्याविषयी तू विचारले नाहीस, तरी लिहिते. ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ ही त्यांची कादंबरी 1937 ची. त्या मानववंशशास्त्र शिकल्या होत्या आणि ही कादंबरी त्यांनी हैतीत संशोधनासाठी राहत असताना सात आठवड्यांत लिहिली. फ्लोरिडातले ईटनव्हिल, कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेले आणि चालवलेले गाव, हे त्यांच्या बालपणाचे गाव आणि कादंबरीतलेही. गुलामगिरीत वाढलेली आजी नायिका जेनीला सांगते की जगाचे ओझे गोरा माणूस काळ्या पुरुषावर टाकतो आणि तो ते आपल्या बाईवर टाकतो, म्हणजे कृष्णवर्णीय स्त्री ही जगाची खेचर आहे. नातीने तरी खेचर होऊ नये म्हणून साठ एकरांच्या म्हाताऱ्या धन्याशी ती तिचे लग्न लावते, आणि तिथेच जेनीला खेचराच्या कामाला जुंपण्याची तयारी चालते. जो स्टार्क्स नावाचा दुसरा नवरा गावचा महापौर होतो, बायकोला दुकानात केस बांधून बसवतो आणि लोकांनी चार शब्द बोलायची विनंती केली तर तिच्या वतीने परस्पर नकार देतो. तो हात उगारतो तेव्हापेक्षा हा नकार मला जास्त झोंबला. जवळपास वीस वर्षांनी ती भर दुकानात त्याला चारचौघांत एकच टोला हाणते आणि त्यातून तो सावरत नाही.

तिसरा टी केक, वयाने लहान, हसरा. त्याच्याबरोबर ती शेतमजुरीला जाते, वादळ येते, पिसाळलेला कुत्रा चावल्याने वेडापिसा झालेल्या टी केकला तिला स्वतःच्या हातांनी गोळी घालावी लागते. या टी केकनेही तिला एकदा मारलेले असते आणि लेखिका त्यावर थांबत नाही. मी मात्र तिथे दर वेळी थांबते. पण कादंबरीची बांधणी बघ. हे सगळे जेनी सांगते आहे ती गावाला नव्हे. गाव ओट्यावर बसून तिच्याविषयी कुजबुजते आहे, आणि ती मागच्या दारी फीबी नावाच्या मैत्रिणीला सांगते आहे, जिने तिच्यासाठी ताटभर भात झाकून आणला आहे. न्यायालयात गोऱ्या ज्यूरींनी तिला निर्दोष सोडले, तरी तिची खरी सुनावणी फीबीपुढेच होते.

कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी त्याच वर्षी परीक्षण लिहून या कादंबरीला विषयच नाही, गोऱ्या वाचकांची ही करमणूक आहे, असे ठरवून टाकले. जेनीची बोलीभाषा त्यांना चेष्टेसारखी वाटली. पुढे पुस्तके बाजारातून नाहीशी झाली, हर्स्टन यांनी एका टप्प्यावर मायामीत घरकाम केले, आणि 1960 साली फोर्ट पीअर्स येथील निराधारांच्या सरकारी आश्रयस्थानात त्या वारल्या. थडग्यावर नावही नव्हते. 1973 मध्ये वॉकर त्या गावी गेल्या, आपण तिची भाची आहोत अशी थाप मारून त्यांनी गवताने माजलेल्या दफनभूमीत जागा शोधली आणि तिथे दगड बसवला. कादंबरीतल्या फीबीचे काम असे छत्तीस वर्षांनी एका वाचकाने केले.

विश्वास न बसणे हा याच कहाणीचा जुना भाग आहे. हॅरिएट जेकब्स यांनी गुलामीतून सुटल्यावर 1861 साली टोपणनावाने आत्मकथन प्रसिद्ध केले. मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी त्या आजीच्या घराच्या माळ्यावर, उभेही राहता येणार नाही अशा जागेत, जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या होत्या. सोबत गोऱ्या संपादिकेची प्रस्तावना जोडावी लागली, आणि तरीही पुढे शतकभर अनेक अभ्यासक ती कल्पित कथाच समजत. 1980 च्या दशकात कागदपत्रांनी ती खरी ठरली. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना, त्यामुळे हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. दलित आत्मकथन लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे यांनीही आपले लिखाण घरच्यांपासून कित्येक वर्षे लपवले होते. पण ‘आपल्याकडेही असेच’ म्हणून सगळे एका मापाने मोजू नये असे मला वाटते. माणूसच ज्या बाजारात खरेदी-विक्रीची वस्तू होता, तो बाजार वेगळा होता.

‘द ब्लूएस्ट आय’ 1970 ची, मॉरिसन यांची पहिली. त्यातल्या पिकोला या मुलीला ऐकणारी कोणी मिळत नाही, म्हणून ती उद्ध्वस्त होते. तिला निळे डोळे हवे असणे हे त्याचे केवळ दृश्य रूप. तू थांबलीस त्याच्या थोडे पुढे एक स्वयंपाकघर येते. पिकोलाची आई पॉलीन एका गोऱ्या कुटुंबात काम करते. तिथली चिमुरडी तिला सहज ‘पॉली’ म्हणते आणि पोटची मुलगी मात्र ‘मिसेस ब्रीडलव्ह’ म्हणून हाक मारते. पिकोलाच्या हातून गोड पदार्थाचे गरम भांडे सांडते, तिचे पाय भाजतात, आणि आई तिलाच बडवून त्या गोऱ्या मुलीचे डोळे पुसते. पॉलीन दुष्ट नाही, सिनेमे बघून स्वतःच्या चेहऱ्याचा तिरस्कार करायला शिकलेली एकटी बाई आहे. शेवटी पिकोला स्वतःच निर्माण केलेल्या एका मैत्रिणीशी बोलत राहते. कृपा करून ती पाने वाच. या कादंबरीत वाढ कोणाची होत असेल तर ती क्लॉडियाची, जी हे सारे पाहते आणि मोठेपणी सांगते, आपल्यासह सगळ्या वस्तीला दोषी धरून.

‘बिलव्हेड’ 1987 ची. जानेवारी 1856 मध्ये मार्गारेट गार्नर केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळून आली आणि पकडायला आलेले मालक दारात दिसताच तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला मारले. तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा की पळालेली मालमत्ता म्हणून तिला परत करायचे, हा वाद न्यायालयात झाला, आणि ती परत पाठवली गेली. खटला खुनाचा असता तर मेलेले मूल माणूस ठरले असते. यापुढे काय लिहू? या मार्गारेटवरून उभ्या केलेल्या मॉरिसन यांच्या सेथला मात्र स्वातंत्र्य मिळते, आणि त्या स्वातंत्र्यात ती मारलेल्या मुलीच्या आठवणीबरोबर स्वतःला घरात कोंडून घेते. इथे तुझ्या मथळ्याची मोठीच पंचाईत होते, कारण सेथ सोसते, टिकते, आणि तरीही ते टिकणे तिला गिळत जाते. दार उघडते तिची धाकटी मुलगी डेन्व्हर. भूक अनावर झाल्यावर ती अंगण ओलांडून जुन्या शिक्षिकेकडे काम मागायला जाते, मग शेजारणी नावाच्या चिठ्ठ्या लावून अन्नाची भांडी ठेवू लागतात, आणि अखेर तीस बायका त्या घरासमोर येऊन एका सुरात गाऊ लागतात. सेथला पकडायला माणसे येत आहेत, याची सूचना याच वस्तीने अठरा वर्षांपूर्वी मत्सरापोटी दिली नव्हती.

तर मंडळासाठी माझे म्हणणे असे: सुरुवात वॉकर यांच्यापासून करा, ती हाती घेतली की सुटत नाही, नंतर हर्स्टन, आणि तिच्यातले संवाद कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावेत, राइट यांचे कुठे चुकले ते आपोआप कळेल. मॉरिसन पावसाळ्यात, सवडीने. मथळा बदलता आला तर बदला. मी जूनमध्ये चार दिवस तुमच्याकडे येते आहे, तोवर तू ‘बिलव्हेड’ संपवलीस तर एका गोष्टीवर मला तुझ्याशी भांडायचे आहे. सेथचा गुलामीतला जुना सोबती पॉल डी शेवटी तिला तिच्या मोलाविषयी जे सांगतो ते बरोबरच आहे, पण ते एका पुरुषाच्या तोंडी का, एवढ्या बायका जमल्या असताना त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडी का नाही, हे मला अजून पटलेले नाही. तुझे मत तयार ठेव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मृणाल