ओसाकातल्या भैय्यास, एका कागदाबद्दल

प्रिय भैय्या,

तुझं नाव इथं लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत.

ओसाकाचा एक्स्पो, म्हणजे जपानमधलं ते जागतिक प्रदर्शन, १३ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी त्या एका दिवसासाठी तू जे केलंस ते मनातून जात नाही. परभणीकडची अकरा माणसं, त्यातली सात साठीच्या पुढची. ना तुझ्या नात्यातली, ना ओळखीची.

सहलीच्या कंपनीनं 'एक्स्पो समाविष्ट' असं छापून पैसे घेतले होते. तिकिटं होती, पण नुसत्या तिकिटाला तिथं अर्थ नव्हता. तारीख, वेळ आणि गेट आधी नोंदवावं लागायचं. चुओ लाइनची मेट्रो यूमेशिमाला, म्हणजे प्रदर्शनाच्या बेटावर, पूर्व गेटापाशी सोडायची, शटल बस पश्चिम गेटाला. पश्चिमेची वेळ घेऊन मेट्रोनं गेलं की म्हाताऱ्या माणसांची उगंच पायपीट. पॅव्हिलियनची, म्हणजे आतल्या दालनांत शिरायच्या जागांची, पहिली सोडत दोन महिने आधी, दुसरी सात दिवस आधी. दोन्ही कंपनीनं घालवल्या. विचारलं तर उत्तर एकच, 'तिथं गेल्यावर बघू.' याचा राग अजून आहे आणि तो लपवायचा नाही.

तू तीन दिवस आधी उरलेल्या जागा शोधल्यास, पूर्व गेटाची सकाळची वेळ धरलीस. हे मोठंच काम. पण मनाला लागलं ते वेगळं. माणशी एक, असे अकरा कागद तू छापून आणलेस. उद्घाटनाच्या दिवशी, १३ एप्रिलला, गर्दीनं मोबाईलचं नेटवर्क कोलमडलं आणि गेटावर लोकांना क्यूआर कोड उघडेनात, हे तुला ठाऊक होतं. प्रत्येक कागदावर कोड मोठा, खाली जाड मार्करनं देवनागरीत नाव. कोड ज्याचा त्याचा वेगळा, अदलाबदल झाली की पुढची नोंदणी गडबडायची. कागद दुमडलास तोही असा, की घडी कोडवर येऊ नये. कोडवर सुरकुती पडली की मशीनला वाचायला अडचण येऊ शकते. मागच्या बाजूला जपानीत एक ओळ लिहिलीस, 'मला पूर्व गेटापाशी पोचवा', आणि तिच्याखाली देवनागरीत 'हिगाशी गेट', म्हणजे पूर्व गेट. हरवलं तर कागद दाखवायचा, तोंडानं काही बोलायची गरज नाही. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या आजीनंही तो कागद गळ्यातून काढला नाही.

बाकीच्या सूचनाही तशाच नेमक्या. आत रोख चालत नाही, म्हणून वाहतुकीच्या कार्डात स्टेशनवरच पैसे भरून घ्या. धपाटे-दशम्या खुशाल न्या, पण लोणचं प्लास्टिकच्या डबीत, काचेची बरणी तपासणीत अडते. पाण्याची रिकामी बाटली ठेवा, आत फुकट भरून मिळते. शाकाहारी माणसानं साध्या दिसणाऱ्या उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, भांड्यालाही हात लावायच्या आधी विचारावं, कारण रस्सा बहुधा दाशीचा, म्हणजे माशाच्या अर्काचा असतो.

आत गेल्यावर दहा मिनिटांनी पॅव्हिलियनची त्याच दिवसाची नोंदणी सुरू व्हायची, एका वेळी एकच. ती करायला तू मोबाईल घेऊन बसलास आणि म्हाताऱ्यांना ग्रँड रिंगच्या, म्हणजे तिथल्या त्या भल्या मोठ्या गोल लाकडी बांधकामाच्या, सावलीत बसवलंस. इटली, अमेरिकेच्या रांगांमागं न धावता आधी कॉमन्सच्या इमारती दाखवल्यास. तिथं एका छताखाली कितीतरी छोटे देश, फारसं थांबणं नाही, वहीवर शिक्के मारून घ्यायचे. हाच क्रम बरोबर. पहिल्या दोन तासांत पाय गळाले की पुढचा दिवस वाया जातो.

आणि ती रिंग! घेर सुमारे दोन किलोमीटर, बाहेरच्या बाजूला उंची वीस मीटर, सगळी लाकडाची. खांबाला आरपार खाच पाडून त्यातून आडवं लाकूड ओवायचं, ही तिथली जुनी 'नुकी' पद्धत. भूकंपासाठी आता जोडांत लोखंडही घातलेलं. माळवदाच्या घरात वाढलेली आमची माणसं खांब अन् तुळईचा सांधा हातानं चाचपत होती, तेव्हा तू घाई केली नाहीस. भारताच्या पॅव्हिलियनच्या दर्शनी भागावर अजिंठ्याचा पद्मपाणी दिसला तेव्हाही. पहिल्या क्रमांकाच्या लेणीतलं ते चित्र, आपल्या मराठवाड्यातलं. सगळ्यांचे फोटो होईपर्यंत तू उन्हात उभा होतास.

रात्रीचा ड्रोनचा खेळ संपला की यूमेशिमा स्टेशनवर माणसांचा लोंढा यायचा, म्हणून त्याआधीच बाहेर काढलंस. कुणी हट्ट केला, तू ऐकलं नाहीस. बरं केलंस.

परक्या गावात परक्यासाठी एवढं झिजणारी माणसं असतात, हे आमच्या म्हाताऱ्यांनी या वयात डोळ्यांनी बघितलं. तुझ्या आई-वडिलांनाही आमचा नमस्कार सांग.

योकोहामाला १९ मार्च ते २६ सप्टेंबर २०२७ फलोत्पादनाचं प्रदर्शन आहे. शेतीतली माणसं आत्तापासून विचारायला लागलीत, आणि या वेळी कंपनी नको म्हणतात. कागद कसे छापायचे, घडी कुठं घालायची, ते आता आम्हाला येतं.

गावी येशील तेव्हा पौषात ये. ज्वारी हुरड्याला आलेली असते, आगटी आम्ही पेटवून ठेवू.

तुझेच,
परभणीकडचे अकरा जण